सीगफ्रीड ससून : डेव्हिड ससून शेटचा पणतू

गेले चार महिने मी बहारीनला मुलाकडे आहे. घर झल्लाकला, म्हणजे बेटाच्या पश्चिम काठावर. पूर्वी हे कोळ्यांचं गाव होतं, आता हॉटेलं आणि बंगले झालेत. संध्याकाळी समुद्रावर गेलं की सूर्य थेट पाण्यात बुडताना दिसतो, आपल्या रेवदंड्याला दिसतो तसाच. इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची, त्यामुळे शब्बाथ पाळायला कोणाकडे रजा मागावी लागत नाही. रेल्वेतल्या 34 वर्षांच्या नोकरीत मला हे सुख कधी मिळालं नाही.

नातू इथल्या इंग्रजी शाळेत शिकतो. त्याला यंदा पहिल्या महायुद्धावरच्या कविता आहेत. एका संध्याकाळी तो पुस्तक घेऊन माझ्याजवळ आला आणि विचारलं, की आजोबा, हा ससून म्हणजे तुमच्या ससून डॉकवाला का? मी आधी हसलो. मग चष्मा लावून नाव वाचलं. सीगफ्रीड ससून. नाव ऐकून माहीत होतं, पण सत्तर वर्षं मुंबईत काढून, डेव्हिड ससून लायब्ररीत दुपारच्या दुपारी पेपर वाचूनही, हा माणूस नक्की कोण ते मी कधी शोधलं नव्हतं. नातवाने कामाला लावलं. त्याची पुस्तकं मुलाने मागवून दिली. इंग्रजी जुनं आहे, पण वाचता येतं. जे कळलं ते आपल्या लोकांसाठी लिहितो आहे.

सुरुवात बगदादपासून करावी लागते. डेव्हिड ससून शेट 1792 साली बगदादला जन्मले. त्यांचे वडील तिथल्या पाशांचे खजिनदार. पुढे दाऊद पाशाच्या जुलमाने मुलाला रातोरात पळावं लागलं, आणि ते बुशहरला आले. हे बुशहर इथून सरळ उत्तरेला, आखाताच्या पलीकडच्या काठावर, तीनशे-सव्वातीनशे किलोमीटरवर आहे. मुंबईहून बसऱ्याला जाणाऱ्या आगबोटी एके काळी बुशहर आणि बहारीन दोन्हीकडे थांबत. या पाण्यात बसून मी त्यांची गोष्ट वाचत होतो, म्हणून ही दिशा सांगितली, नाहीतर त्याचं कारण नव्हतं.

1832 साली शेट मुंबईला आले. पुढचं आपल्याला तोंडपाठ आहे. कापूस, कापड, आणि हे लपवण्यात अर्थ नाही, चीनला जाणारी अफू, यांवर त्यांनी एवढा पैसा केला की पूर्वेचे रॉथ्सचाइल्ड म्हणून लोक ओळखू लागले. भायखळ्याचं मागेन डेव्हिड, पुण्याचं ओहेल डेव्हिड म्हणजे आपलं लाल देऊळ, पुण्याचं ससून हॉस्पिटल ही सगळी त्यांची देणगी. 1864 साली ते पुण्यात वारले. लाल देवळाच्या आवारात त्यांची कबर आहे, बहुतेकांनी पाहिलीच असेल. ससून डॉक त्यांच्या थोरल्या मुलाने, अल्बर्ट अब्दुल्लाने बांधला, 1875 साली.

आमच्या घरात ससून हे नाव आदराने घेत, पण त्यात थोडा कडवटपणाही असे. माझे आजोबा परळच्या जेकब ससून मिलमध्ये फिटर होते. मिलच्या भोंग्यावर घर चालायचं. सणाला मालकांकडून काही ना काही मिळे, ते आजी सांगायची. आणि त्याच दमात हेही सांगायची, की हे बगदादी लोक आपल्याला बरोबरीचे धरत नाहीत. ते खरंच होतं. 1836 सालीच बगदाद्यांनी मुंबईच्या स्मशानात त्यांच्या आणि आपल्या कबरींमध्ये भिंत घालून मागितली होती. पुढे कित्येक वर्षं त्यांच्या सिनेगॉगमध्ये बेने इस्राएल माणूस मिन्यानला मोजावा की नाही यावर वाद चालला. आपलं रक्त शुद्ध आहे का, ही त्यांची शंका. कोकणात शेकडो वर्षं तेल गाळत शब्बाथ पाळला, शनवार तेली म्हणून नाव कमावलं, तरी शंका! ही गोष्ट इथे का काढली ते पुढे येईल.

डेव्हिड शेटना आठ मुलगे. त्यांपैकी एक ससून डेव्हिड ससून. घराण्याची पेढी लंडनला उघडायची म्हणून 1858 साली त्याला तिकडे धाडलं. त्याच साली त्याची मुलगी रेचेल मुंबईत जन्मली होती. तान्ही पोर घेऊन आई मागाहून गेली. आल्फ्रेड हा मुलगा मात्र लंडनमध्ये झाला, 1861 साली. म्हणजे बघा, एका पिढीत मुंबई सुटली. बाप 1867 लाच गेला, तरणाताठा. पैसा भरपूर, वचक कोणाचा नाही. आल्फ्रेड देखणा, हौशी, व्हायोलिन वाजवायचा, घोड्यावर बसायचा, काम असं काही करायचा नाही.

1884 साली आल्फ्रेडने थेरेसा थॉर्निक्रॉफ्ट नावाच्या ख्रिस्ती मुलीशी लग्न केलं. ती स्वतः चित्रकार, तिचे आईबाप मूर्तिकार, भाऊ हॅमो तर फार नावाजलेला मूर्तिकार, आणि दुसरा भाऊ जहाजं बांधणारा. म्हणजे कुळात काही उणं नव्हतं. उणं एवढंच की ती आपल्यातली नव्हती. डेव्हिड ससूनच्या वंशात धर्माबाहेर लग्न करणारा आल्फ्रेड हा पहिलाच म्हणतात. त्याच्या आईला ते लग्न झाल्यावर कळलं. बाई मूळची बगदादची, जुन्या वळणाची. तिने जिवंत मुलाचं सुतक धरलं. मेल्या माणसासाठी बसतात तशी बसली. सिनेगॉगमध्ये जाऊन या लग्नाच्या मुलाबाळांना शाप दिला, असंही त्या घराण्यात सांगत.

हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून ठेवलं आणि पुढचे दोन दिवस उघडलं नाही. कारण आमच्या घरात हे झालं आहे. माझ्या आत्याने 1950 नंतरच्या काळात बाहेर लग्न केलं, तेव्हा आजोबा, तेच ते फिटर, सात दिवस जमिनीवर बसले. सदरा फाडला. आत्याचा फोटो भिंतीवरून उतरला तो कुठे गेला कोणाला माहीत नाही. मी लहान होतो. मला वाटलं आत्या खरंच वारली. पुढे एकदा दादरच्या पुलावर ती समोरून आली आणि माझ्या अंगाचं पाणी झालं.

असो. सीगफ्रीडकडे वळू.

आल्फ्रेड आणि थेरेसा इंग्लंडच्या केंट परगण्यात मॅटफील्ड गावी राहत. घराचं नाव वेअरली. तिथे 8 सप्टेंबर 1886 रोजी सीगफ्रीडचा जन्म झाला. तीन भावांतला मधला: थोरला मायकेल, धाकटा हॅमो. सीगफ्रीड हे नाव ज्यूंचं नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल. आईला वाग्नर या जर्मन संगीतकाराची ऑपेरा फार आवडायची, त्यातल्या नायकाचं हे नाव. ज्यू आडनावापुढे वाग्नरचं नाव! वाग्नर ज्यूंबद्दल काय लिहून गेला हे त्या माउलीला बहुधा कोणी सांगितलं नव्हतं.

लग्न टिकलं नाही. मुलगा चार-पाच वर्षांचा असताना आल्फ्रेड घर सोडून गेला. अधूनमधून मुलांना भेटायला येई, तेव्हा आई समोर येत नसे. मग त्याला क्षय झाला आणि 1895 साली तो ईस्टबोर्नला वारला, चौतिसाव्या वर्षी. पुरलं त्याला आपल्या रीतीने. आठ वर्षांचा सीगफ्रीड एवढा खचला होता की त्याला मातीला नेलंच नाही. भाऊ जाऊन आले. टोप्या घातलेली माणसं आणि न कळणारी भाषा, एवढंच त्यांनी घरी येऊन सांगितलं. बापाची माती आणि बापाची भाषा दोन्ही पोरांना परकी. कद्दीश म्हणायला तीन मुलगे असून एकालाही ते शब्द येत नव्हते. मला या सगळ्या चरित्रात युद्धापेक्षाही ही जागा जास्त लागली.

सासरच्या माणसांपैकी एकच बाई थेरेसाच्या दारात येत राहिली, ती आल्फ्रेडची बहीण रेचेल, आपल्या मुंबईत जन्मलेली. या रेचेल बीअरवर वेगळा लेख व्हायला हवा. तिच्या नवऱ्याच्या मालकीचं ऑब्झर्व्हर हे साप्ताहिक. 1891 पासून ती त्याची संपादक झाली, आणि 1893 साली संडे टाइम्सही विकत घेऊन चालवू लागली. लंडनची दोन मोठी वर्तमानपत्रं एका बाईच्या हातात, त्या काळात! फ्रान्समध्ये कॅप्टन ड्रायफसला हेर ठरवून बेटावर डांबलं होतं, ते प्रकरण आपल्याला माहीत आहे. ज्या कागदावरून त्याला अडकवलं तो आपणच लिहिला, ही एस्टरहाझीची कबुली 1898 साली छापली ती हिच्याच ऑब्झर्व्हरने. आणि गंमत म्हणजे हिने लग्नाआधी स्वतः बाप्तिस्मा घेतलेला होता. नवरा गेला आणि तिचं मन ढासळलं. कोर्टाने वेडी ठरवली. उरलेली वर्षं टनब्रिज वेल्सला नर्सांच्या पहाऱ्यात काढली. 1927 साली गेली, आणि भाच्यांना मोठा वाटा ठेवून गेली.

सीगफ्रीड आईच्या धर्मात वाढला. शिक्षण मार्लबरोला, मग केंब्रिजच्या क्लेअर कॉलेजात, पण पदवी न घेताच घरी आला. बापाकडच्या इस्टेटीतून दरसाल काही शे पौंड यायचे. त्यावर क्रिकेट, कोल्ह्याची शिकार आणि कविता. कविता स्वतःच्या खर्चाने छापायचा आणि ओळखीच्यांना वाटायचा. खरं सांगायचं तर अठ्ठावीस वर्षांचा होईपर्यंत या माणसाने उपयोगाचं काहीच केलं नव्हतं. क्रिकेट मात्र मनापासून. सत्तरी उलटेपर्यंत खेळला. आमच्या भायखळ्याच्या पोरांना तेवढ्यावरूनही तो आवडला असता.

ऑगस्ट 1914 मध्ये युद्ध जाहीर व्हायच्या सुमारालाच तो फौजेत दाखल झाला. आधी साधा घोडेस्वार, घोड्यावरून पडून हात मोडला, मग 1915 साली रॉयल वेल्श फ्युझिलिअर्स पलटणीत अधिकारी. नोव्हेंबर 1915 मध्ये धाकटा भाऊ हॅमो गॅलिपोलीला गेला. मार्च 1916 मध्ये जिवाचा दोस्त डेव्हिड थॉमस गेला. त्यानंतर या माणसाचं डोकंच फिरलं. रात्री एकटा जर्मनांच्या तारांपर्यंत जायचा. पलटणीत त्याला वेडा जॅक म्हणू लागले. एकदा दीड तास गोळ्या आणि बॉम्बच्या माऱ्यात जखमींना ओढून आणत राहिला, त्यासाठी मिलिटरी क्रॉस मिळाला. जुलै 1916 मध्ये मामेट्झजवळ एकट्याने जर्मनांचा खंदक घेतला, आणि मागे निरोप पाठवायचं सोडून तिथेच बसून खिशातलं कवितांचं पुस्तक वाचत राहिला. वरच्या साहेबांनी चांगलंच फैलावर घेतलं म्हणतात.

याच वेळी त्याच घराण्यातला दुसरा पणतू, सर फिलिप ससून, फ्रान्समध्येच होता. तो सरसेनापती हेग यांचा खासगी सचिव. एकाच्या पायाला चिखल, दुसऱ्याच्या हाती सेनापतीच्या टपालाच्या किल्ल्या. दोघांचं आडनाव भायखळ्याचं.

एप्रिल 1917 मध्ये अरासच्या लढाईत खांद्याला गोळी लागली आणि तो इंग्लंडला आला. बरा होता होता विचार करत राहिला. आता त्याला वाटू लागलं की ज्यांच्या हातात युद्ध थांबवणं आहे तेच ते मुद्दाम लांबवत आहेत. बचावासाठी सुरू झालेली लढाई आता मुलूख जिंकायची झाली आहे. आणि पोरं फुकट मरत आहेत. हे त्याने कागदावर लिहिलं, सही केली आणि कमांडिंग ऑफिसरला पाठवून दिलं. परत ड्यूटीवर जायला नकार. तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांची त्यात मदत होती. 30 जुलै 1917 रोजी तो कागद पार्लमेंटमध्ये वाचून दाखवला गेला आणि दुसऱ्या दिवशी टाइम्समध्ये आला.

कोर्ट मार्शल व्हायला हवं होतं. त्याची तशी तयारीही होती. मर्सी नदीच्या मुखाशी जाऊन त्याने मिलिटरी क्रॉसची फीत पाण्यात फेकून दिली. पण पदक मिळालेल्या शूर अधिकाऱ्याला कोर्टात उभं करणं सरकारलाही अडचणीचं. त्याचा दोस्त, कवी रॉबर्ट ग्रेव्हज, मध्ये पडला. त्याने सीगफ्रीडला पटवलं की तुला कोर्टात कोणी उभं करणार नाही, आणि डॉक्टरांच्या मंडळाला पटवलं की याच्या मनावर परिणाम झाला आहे. ही थाप होती, मित्राला वाचवायला मारलेली. मग त्याला एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळात ठेवलं, तिथे युद्धाच्या धक्क्याने खचलेल्या अधिकाऱ्यांवर उपचार चालत.

तिथे त्याला दोन माणसं भेटली. एक डॉक्टर रिव्हर्स. हा आपल्याकडे निलगिरीतल्या तोडा लोकांत राहून गेलेला, त्यांच्यावर मोठं पुस्तक लिहिलेला विद्वान. बापावाचून वाढलेल्या सीगफ्रीडला इथे बाप मिळाला, असं त्याची पुस्तकं वाचून वाटतं. दुसरा विल्फ्रेड ओवेन, कोवळा, अडखळत बोलणारा, कविता दाखवायला दारात आलेला. सीगफ्रीडने त्याच्या कविता तपासून दिल्या, हिंमत दिली. आज इंग्रजी शाळांतून ओवेन आधी शिकवतात, ससून नंतर. ओवेन युद्ध संपायला एक आठवडा असताना, 4 नोव्हेंबर 1918 ला मारला गेला. त्याचे कागद गोळा करून 1920 साली पुस्तक काढणाऱ्यांत सीगफ्रीड होता.

मग हा माणूस परत लढायला गेला! युद्धावरचं मत बदललं म्हणून नव्हे. आपली माणसं तिथे मरत असताना आपण गादीवर झोपायचं, हे त्याला सोसेना. आधी आयर्लंड, आणि 1918 च्या सुरुवातीला पॅलेस्टाइन. म्हणजे आपल्या एरेत्झ इस्राएलमध्ये! रामल्ला भागात त्याची पलटण रस्ते दुरुस्त करत होती. त्या वेळची त्याची डायरी वाचली तर त्यात डोंगर आहेत, रानफुलं आहेत, पक्ष्यांची नावं आहेत. शेजारी येरुशलायिम. वर्षानुवर्षं पेसाहच्या रात्री बापाच्या घराण्यात ज्या गावाचं नाव घेतलं, त्या गावाच्या उंबऱ्यावर हा उभा, आणि लक्ष पक्ष्यांकडे. मला आधी राग आला. मग वाटलं, खंदकांतून आलेल्या माणसाला पक्षी दिसले हेच पुष्कळ झालं.

मेमध्ये पुन्हा फ्रान्स. जुलैत पहाटे गस्तीवरून परतताना त्याच्याच सार्जंटने जर्मन समजून गोळी झाडली, ती डोक्याला लागली. वाचला. त्याच्यासाठी युद्ध तिथे संपलं.

कवितांबद्दल मी जास्त बोलणार नाही, तो माझा प्रांत नव्हे. 1917 आणि 1918 साली त्याचे जे दोन संग्रह आले त्यांत युद्धाचा गौरव नाही. घरी बसून टाळ्या वाजवणारे, नकाशावर बोट ठेवणारे सेनापती आणि चिखलातली पोरं आहेत. छोट्या, साध्या शब्दांच्या, चावणाऱ्या कविता. नातवाला त्या लगेच कळल्या, मला दोनदा वाचाव्या लागल्या.

मला खरं सांगायचंय ते त्याच्या आठवणींच्या पुस्तकांविषयी. ती एकूण सहा. पहिली तीन कादंबरीच्या वेषात. 1928 साली मेमॉयर्स ऑफ अ फॉक्स-हंटिंग मॅन निघालं, तेही आधी लेखकाचं नाव न घालता. त्याला दोन मोठी बक्षिसं मिळाली. मग 1930 साली मेमॉयर्स ऑफ अ‍ॅन इन्फन्ट्री ऑफिसर आणि 1936 साली शर्स्टन्स प्रोग्रेस. यांत गोष्ट सांगणारा जॉर्ज शर्स्टन. शिकार, क्रिकेट, पलटण, तो जाहीर कागद, डॉक्टर रिव्हर्स, सगळं सीगफ्रीडचं. ग्रेव्हज, डेव्हिड थॉमस दुसऱ्या नावांनी आहेत. पण शर्स्टन कविता लिहीत नाही. त्याला भाऊ नाहीत. आईबाप लहानपणीच वारलेले, मावशी-आत्या म्हणावी अशा एका बाईने वाढवलेला. आडनाव अस्सल इंग्रज. ससून नाही, बगदाद नाही, मुंबई नाही, बाप नाही.

पुस्तक गोड आहे हो. खेड्यातली सकाळ, घोड्यांचा वास, जुना मोतद्दार, हे सगळं वाचताना आपणही तिथे असावं असं वाटतं. पण मी प्रत्येक पानावर त्या गाळलेल्या बापाला शोधत होतो.

आणि मग 1938 साली द ओल्ड सेंच्युरी आलं. आता तो स्वतःच्या नावाने लिहितो. इथे आई आहे, भाऊ आहेत, आणि बाप आहे: त्याचं येणं, जाणं, आजार, मरण. आत्या रेचेल आहे. आडनावाचा पूर्वेकडचा धागा आहे. साल ध्यानात घ्या, 1938. जर्मनीत आपल्या लोकांच्या दुकानांना आणि सिनेगॉगांना आगी लागल्या ते साल. त्याने मुद्दाम त्या वर्षी बाप बाहेर काढला असं मी म्हणत नाही. पुस्तक त्या आगींच्या आधीच छापून झालं होतं. पण बावन्न वर्षांच्या माणसाने एवढी वर्षं झाकलेलं दार उघडलं. पुढे 1942 साली द वील्ड ऑफ यूथ आणि 1945 साली सीगफ्रीड्स जर्नी. ओवेन या शेवटच्या पुस्तकात येतो, शर्स्टनच्या गोष्टीत त्याला जागाच नव्हती. म्हणजे तेच आयुष्य माणसाने दोनदा लिहिलं. एकदा जसं हवं होतं तसं, एकदा जसं झालं तसं. मला विचाराल तर लोकांना पहिलं जास्त आवडतं, आणि मला द ओल्ड सेंच्युरी.

त्याच्या खासगी आयुष्याबद्दल थोडं. त्याचा जीव पुरुषांवर जडायचा, हे त्याच्या डायऱ्या छापल्यावर सगळ्यांना कळलं. इंग्लंडात तो गुन्हा होता. कायदा बदलला 1967 च्या जुलैत, याच्या मरणाआधी महिनाभर. 1933 साली त्याने हेस्टर गॅटीशी लग्न केलं. आत्याच्या पैशातून विल्टशायरमधलं हेट्सबरी हाऊस घेतलं, मोठा वाडा. 1936 साली मुलगा झाला, त्याचं नाव ठेवलं जॉर्ज. शर्स्टनचंच नाव. मुलावर जीव ओवाळायचा. पण 1945 साली नवरा-बायको वेगळी झाली, आणि त्या वाड्यात तो जवळजवळ एकटाच राहिला. आपल्या बापासारखंच त्याचंही झालं, फक्त इथे घर सोडून गेला नाही तो.

1957 साली, एकाहत्तराव्या वर्षी, तो कॅथलिक झाला. शांती मिळाली असं म्हणायचा. 1 सप्टेंबर 1967 रोजी, ऐंशी पुरी व्हायला... नाही, एक्क्याऐंशी पुरी व्हायला एक आठवडा असताना तो वारला. सॉमरसेटमधल्या मेल्स गावच्या चर्चच्या आवारात पुरला आहे. लंडनला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत महायुद्धाच्या कवींच्या नावांची पाटी 1985 साली बसवली, तिच्यावर त्याचं नाव आहे. मुंबई त्याने कधी पाहिली नाही.

आता तो आपला की नाही? आई ख्रिस्ती, म्हणजे हलाखेने नाही. ज्या पणजोबांच्या लोकांनी आपल्याला मिन्यानला मोजायला का-कू केलं, त्यांचा पणतू त्यांच्याच नियमाने मिन्यानला चालला नसता; आणि माझा फिटर आजोबा चालला असता. आजीला हे ऐकवायला हवं होतं, तिला फार आनंद झाला असता. इंग्रजी कविता म्हटली की आपण निस्सीम इझिकिएल यांचं नाव घेतो आणि ते घ्यायलाच हवं, ते शंभर टक्के आपले. याला कुठे ठेवायचं मला अजून ठरवता येत नाही.

पण नातवाने तोच प्रश्न माझ्याकडे दुसऱ्या बाजूने टाकला. मी त्याला सीगफ्रीडचे आईबाप सांगत होतो, आणि तो शांतपणे म्हणाला, की म्हणजे तो माझ्यासारखाच. माझी सूनबाई केरळची, सीरियन ख्रिश्चन. इथेच इस्पितळात नर्स आहे. मुलाने अठरा वर्षांपूर्वी लग्न केलं तेव्हा मी गेलो नाही. माझी बायको एकटी विमानात बसून आली आणि गेली. मी आजोबांसारखा जमिनीवर बसलो नाही, सदरा फाडला नाही, मला वाटायचं मी पुष्कळ सुधारलेला. फक्त सहा वर्षं फोनवर आलो नाही. नातू पाच वर्षांचा झाल्यावर मी त्याला पहिल्यांदा पाहिला. सीगफ्रीडचा बाप त्याला सोडून गेला तेवढंच ते वय. बायको गेल्यावर सूनबाईनेच मला इकडे बोलावून घेतलं, दरवर्षी बोलावते.

नातवाला मी काय उत्तर दिलं? काहीच नाही. म्हटलं चहा घेऊ या.

मनामाला बाजारभागात लहानसं सिनेगॉग आहे. इराककडून आलेल्या कुटुंबांनी बांधलेलं, अलीकडे दुरुस्त करून पुन्हा उघडलेलं. मागच्या आठवड्यात मुलाने आम्हा दोघांना तिकडे नेलं. नातवाने कपाळावर सरकणारी किप्पा दोनदा सावरली. भिंतीवरची हिब्रू अक्षरं वाचता येतील का म्हणून मला विचारलं. मी हळूहळू वाचून दाखवली, आणि मग पहिली चार अक्षरं त्याने माझ्यामागून म्हटली. आलेफ, बेथ, गिमेल, दालेथ.

डिसेंबरात आम्ही मुंबईला येतोय. त्याला ससून डॉक बघायचाय. पहाटे पाचला जावं लागेल आणि मासळीचा वास कपड्यांतून दोन दिवस जाणार नाही, हे त्याला सांगून ठेवलंय. मग भायखळा, आणि एक दिवस पुण्याला लाल देऊळ. ज्यांच्या घरी ससून मिलमधल्या नोकरीचे जुने कागद, पगाराची पुस्तकं, फोटो असतील त्यांनी कृपया कळवावं, नातवाला दाखवायचे आहेत. आत्याचा मुलगा कल्याणला राहतो असं ऐकलंय. त्याचा पत्ता मिळाला तर तिकडेही जाऊ.